आधी दप्तर, मग घर

तालुक्याच्या गावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी गेली काही वर्षे काम करीत आहे. ग्रंथखरेदी, इमारतीची डागडुजी, अनुदानाचे हप्ते आणि वर्गणीची थकबाकी हे आमच्या सभांचे नेहमीचे विषय. परंतु मागे एका सभेत ज्या विषयावर सर्वांत दीर्घ आणि काहीशी तीव्र चर्चा झाली, तो विषय असा होता की, कार्यालयातील संगणकांवर नवी कार्यप्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यात जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, बसवावी किंवा नाही. खजिनदारांचे म्हणणे असे की, जे यंत्र बिनतक्रार चालते आहे त्याला हात लावण्याचे कारण नाही. तरुण सभासदांचे म्हणणे असे की, मुदत संपलेली प्रणाली एक दिवसही वापरणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच केवळ हात वर करवून हा प्रश्न निकालात काढणे मला प्रशस्त वाटेना. सभेने टिपण सादर करण्याचे काम माझ्याकडे सोपविले. त्या निमित्ताने जे समजून घेतले ते येथे जरा विस्ताराने मांडतो, कारण हाच प्रश्न शाळांपुढे, पतसंस्थांपुढे, छापखान्यांपुढे आणि कित्येक घरांतून आज उभा आहे.

जुन्या मामलेदार कचेरीत शिरस्तेदाराचे जे स्थान असे, तेच संगणकात कार्यप्रणालीचे असते. अर्जदार कोणीही असो, त्याला थेट दप्तरखान्यात शिरता येत नसे. कोणता कागद कोणाला, केव्हा आणि किती वेळ दाखवायचा, हे शिरस्तेदाराच्या हातून होई. त्याचप्रमाणे हिशेबाचा प्रोग्रॅम असो, पत्रलेखनाचा असो की चित्रपट दाखविणारा असो, त्यापैकी कोणीही यंत्राला स्वतः स्पर्श करीत नाही; मेमरीतील जागा, डिस्कवरील फाइल, कीबोर्डवर उमटलेले अक्षर आणि प्रिंटरकडे जाणारे पान, या सर्वांची वाटणी आणि राखण कार्यप्रणालीच करीत असते. परिणामी प्रत्येक प्रोग्रॅम आणि प्रत्येक उपकरण हे तिच्या रीतिभाती गृहीत धरूनच रचलेले असते. ती बदलली म्हणजे केवळ पडद्यावरची चित्रे बदलतात असे नसून, तिच्याशी ज्यांचा ज्यांचा म्हणून व्यवहार होता त्या सर्वांना नव्या शिरस्त्याशी जमवून घ्यावे लागते, आणि ज्यांना ते जमत नाही ते मुकाट बंद पडतात.

आमच्या कार्यालयात संगणक दोन. एक २०१९ मध्ये घेतलेला, त्यावर विंडोज १०. सभासदांची नोंद, जमाखर्च, ई-मेल आणि अनुदानासाठी भरावयाची माहितीपत्रके ही सर्व कामे त्याच्यावर चालतात. दुसरा २०१२ मधला, त्यावर विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती. त्याच्यावर वार्षिक अहवाल आणि स्मरणिका यांची पेजमेकरमधील जुळणी एवढेच काम होते. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि तिची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ७ ची मुदत तर १४ जानेवारी २०२० रोजीच संपली होती, आणि खजिनदारांच्या युक्तिवादाचा सारा भार याच गोष्टीवर होता: दुसरा संगणक मुदत संपल्यानंतरही वर्षानुवर्षे चालला, त्याला काही झाले नाही, मग पहिल्यालाच काय होणार?

याचे उत्तर द्यावयाचे तर मुदत संपणे म्हणजे नेमके काय संपणे, हे पाहिले पाहिजे. यंत्र बंद पडत नाही, फाइली नाहीशा होत नाहीत, छपाई थांबत नाही. संपते ती दुरुस्ती. मायक्रोसॉफ्ट कंपनी प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या प्रणालीत सापडलेल्या सुरक्षाविषयक दोषांची दुरुस्ती प्रसिद्ध करते, आणि मुदत संपलेल्या प्रणालीला ही मासिक दुरुस्ती मिळेनाशी होते. एवढेच असते तरी एक वेळ निभावले असते, कारण दोष पूर्वीही होतेच. परंतु येथे एक बारीक गोष्ट आहे, जी सभेत कोणाच्याच लक्षात आली नव्हती आणि टिपण लिहिण्यापूर्वी माझ्याही नव्हती. नवी प्रणाली ही जुनीचेच पुष्कळसे अंतरंग घेऊन जन्मलेली असते. नव्या प्रणालीतील एखादा दोष दुरुस्त झाला की, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून दोष नेमका कोठे होता हे जाणकाराला शोधून काढता येते. आणि तोच दोष जुन्या प्रणालीत असेल, तर तो तेथे कायमचा उघडा राहिलेला असतो. म्हणजे शेजारच्या नव्या वाड्याचे कुलूप बदलल्याची बातमी हीच जुन्या वाड्याच्या कुलपाची किल्ली ठरते. मुदत संपलेली प्रणाली त्यामुळे आहे तेवढीच असुरक्षित राहत नाही. ती महिन्यागणिक अधिकाधिक असुरक्षित होत जाते.

२०१७ सालच्या दोन घटनांनी हे साऱ्या जगाला दाखवून दिले. विंडोजमध्ये एकाच जाळ्यातील संगणकांनी परस्परांच्या फाइली वापराव्यात म्हणून जी जुनी व्यवस्था होती, तिच्यातील एका गंभीर दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, १२ मे रोजी, त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम सुमारे दीडशे देशांत पसरला. फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणे हा त्याचा उद्योग. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९,००० रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. विंडोज एक्सपीची मुदत एप्रिल २०१४ मध्येच संपली होती, तरीही प्रसंगाचे गांभीर्य ओळखून कंपनीने तिच्यासाठी अपवाद म्हणून दुरुस्ती खुली केली. मात्र या घटनेत सर्वाधिक बाधा झाली ती एक्सपीच्या संगणकांना नव्हे, विंडोज ७ च्या संगणकांना झाली, आणि त्या वेळी विंडोज ७ ची मुदत संपावयास अडीच वर्षांहून अधिक अवकाश होता. त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती, ती कोणी बसविली नव्हती. नवी प्रणाली घेऊन दुरुस्त्या टाळीत राहणाऱ्याने पैसा तेवढा खर्च केला, संरक्षण मिळविले नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

दुसरी घटना आपल्या दाराशी घडली. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या प्रोग्रॅमने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीची संगणकव्यवस्था जगभर ठप्प केली, आणि त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा शेवा येथील टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. या आक्रमणाचा मूळ प्रवेश झाला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अद्ययावतीकरणातून. आक्रमकांनी दुरुस्ती पाठविण्याची वाटच ताब्यात घेतली होती. एकदा आत शिरल्यावर तो प्रोग्रॅम त्या संगणकावरील परवलीचे शब्द चोरून, मार्चमधील दुरुस्ती बसविलेल्या शेजारच्या संगणकांतही शिरत असे. दुरुस्ती अत्यावश्यक असली तरी ती अभेद्य कवच नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

आता घाईची बाजू. विंडोज १० ची एक मोठी आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली आणि चारच दिवसांत कंपनीला ती मागे घ्यावी लागली, कारण काही वापरकर्त्यांच्या दस्तऐवजांच्या फोल्डरमधील फाइली ती बसविताना पुसल्या गेल्या होत्या. ज्यांनी आपले फोल्डर मूळ जागेवरून दुसरीकडे वळविले होते, पण काही फाइली जुन्या जागीच राहिल्या होत्या, अशांवर हा प्रसंग ओढवला. दोष दूर करून ती आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा देण्यात आली. बाधितांचे प्रमाण अत्यल्प होते हे खरे, परंतु ज्याचा प्रबंध त्यात गेला त्याला प्रमाणाचे समाधान कसे पुरावे? म्हणून माझे मत असे बनले आहे की, मासिक सुरक्षादुरुस्ती आणि प्रणालीची नवी आवृत्ती या दोहोंना एकाच न्यायाने वागवू नये. पहिली आल्याबरोबर घ्यावी. दुसरी काही महिने लोकांच्या हाती रुळू द्यावी, आणि तिच्या अगोदर आपल्या सर्व फाइलींची एक प्रत संगणकाच्या बाहेर, सुट्या डिस्कवर काढून, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून उघडते की नाही याची रुजुवात करून ठेवावी. जी प्रत उघडून पाहिलेली नाही तिला प्रत म्हणू नये.

विंडोज ११ च्या बाबतीत आणखी एक प्रश्न उद्भवतो, तो म्हणजे यंत्राच्या पात्रतेचा. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या या प्रणालीने चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबी जागा या साध्या अटींबरोबरच टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा-चिपची आणि प्रोसेसरच्या ठरावीक पिढीची अट घातली; इंटेलच्या बाबतीत ती स्थूलमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून पुढे आहे. टीपीएम ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी आणि संगणक सुरू होताना त्याच्या मूळ प्रोग्रॅममध्ये कोणी फेरफार केला आहे काय याचा दाखला ठेवणारी व्यवस्था होय. पुष्कळ संगणकांत ती प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते, पण कारखान्यातून येताना बंद ठेवलेली असते. आमच्या २०१९ च्या संगणकाला तपासणीत प्रथम अपात्र ठरविण्यात आले, ते याच कारणाने. सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करताच तो पात्र ठरला. नवा संगणक विकत घ्या असा सल्ला आम्हांला तोपर्यंत दोघांनी दिला होता. ज्यांचा संगणक खरोखरच अपात्र आहे त्यांना विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना दिलेली १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव दुरुस्ती-मुदत आहे, किंवा लिनक्ससारखी मुक्त प्रणाली आहे. ई-मेल, पत्रव्यवहार आणि वाचन एवढेच काम असेल तर जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालते. अट चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्याही प्रचारात आहेत, पण अशा संगणकाला दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्या दुरुस्तीसाठी हा सारा खटाटोप, तिचीच शाश्वती गमावणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

इतका विचार कोणत्याही भाषेच्या माणसाला करावा लागेल. मराठी माणसापुढे मात्र याहून निराळा आणि माझ्या मते अधिक मोठा प्रश्न आहे, आणि तो आम्हांला २०१२ मध्येच कडूपणाने कळला होता. आमच्या वाचनालयाच्या एका वर्धापनदिनानिमित्त १९९९ साली तेव्हाच्या ग्रंथपालांनी गावातील वयोवृद्ध वाचकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पानांच्या अभावी स्मरणिकेत त्यांपैकी निम्म्याच छापल्या. उरलेल्या ‘पुढील वर्षी’ म्हणून संगणकात राहिल्या. २०१२ मध्ये संगणक बदलताना काम करणाऱ्या कारागिराने फाइली निगुतीने उतरवून दिल्या, जुनी डिस्क कोरी केली, आणि काही महिन्यांनी आम्ही त्या मुलाखती उघडल्या तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रास पडलेली दिसली. फाइल एकही हरवली नव्हती. हरवला होता तो फॉन्ट, आणि ज्यांच्या मुलाखती होत्या त्यांपैकी तोवर कोणीच हयात नव्हते.

हे असे का व्हावे? देवनागरीसाठी संगणकीय संकेत नव्हते असे नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले, इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रमाणित झाले, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेताच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्वतंत्र स्थान होते. परंतु विंडोजच्या परंपरेत देवनागरीची अंगभूत सोय प्रथम आली ती विंडोज २००० मध्ये, आणि ज्या पेजमेकरवर आपले छापखाने चालत त्याला तर युनिकोड अखेरपर्यंत कळले नाही. मधल्या काळात कोणीतरी तोड काढणे भागच होते. ती अशी निघाली की, इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कृतिदेव या सुपरिचित फॉन्टमध्ये डी, ई आणि वाय ही अक्षरे ओळीने उमटविली की पडद्यावर ‘कमल’ दिसते. पण संगणकाच्या लेखी तेथे कमल नाही, डी-ई-वाय हेच आहे. मराठीपण फाइलीत नसून फॉन्टच्या झग्यात आहे, आणि प्रत्येक उत्पादकाचा झगा वेगळा. तो झगा उतरला की खाली उरते ते आम्ही पाहिले.

नवी प्रणाली या व्यवस्थेवर कोठे आघात करते, हेही सांगितले पाहिजे. फॉन्टची फाइल बहुधा नव्या प्रणालीवरही चालते. चालत नाही ते तिच्याभोवतीचे साहित्य: मराठी कीबोर्डचा प्रोग्रॅम, आणि नक्कल होऊ नये म्हणून संगणकाच्या पाठीमागे लावावे लागणारे ते लहानसे हार्डवेअर-लॉक. या लॉकचे, तसेच जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर ३२-बिट प्रणालीसाठी लिहिलेले असतात. ६४-बिट विंडोज ते स्वीकारीत नाही, डॉसच्या जमान्यातील १६-बिट प्रोग्रॅम तर ती चालवीतच नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे ज्या छापखान्याने आजवर ३२-बिटच्या आश्रयाने दिवस काढले, त्याला हे शेवटचे दार आहे.

म्हणून मी टिपणात लिहिले की, घर बदलावे की नाही याचा निर्णय घेण्याआधी दप्तर हलवावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर जुना संगणक जिवंत आहे तोवर युनिकोडमध्ये आणावा, कारण मूळ पान डोळ्यांनी पाहून ताडून घेण्याची सोय तेथेच आहे. प्रत्येक फाइलीबरोबर तिचा फॉन्ट आणि पानांची पीडीएफ ठेवावी, म्हणजे रूपांतर चुकले तरी पुरावा राहतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही, आणि त्याचे कारण आपल्या लिपीतच आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात: आधी क, मग वेलांटी. रफाराचे याच्या नेमके उलट. जुन्या पद्धतीत तो अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. शिवाय ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतील आडवा र हा मराठीचा खास जिन्नस, आणि हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या परिवर्तकाला तो पुष्कळदा ओळखूच येत नाही. तेव्हा रूपांतरित मजकूर छापील पानाशी जुळवून वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

सभेने टिपण मान्य केले आणि त्याप्रमाणे व्यवस्था झाली. २०१९ च्या संगणकावर विंडोज ११ बसविली. त्याआधी प्रती काढल्या, प्रिंटरचा नवा ड्रायव्हर मिळतो याची खात्री केली, आणि डिस्क कुलूपबंद असल्यास लागणारी अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून लोखंडी कपाटात ठेवली, कारण टीपीएमच्या सेटिंगमध्ये बदल झाला की संगणक तीच किल्ली मागतो आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइलींना मुकावे लागते. प्रणाली बदलल्यानंतर दहा दिवसांच्या आत जुनीकडे परत जाता येते, म्हणून ते दहा दिवस सर्व नित्याची कामे मुद्दाम करून पाहिली. एका जुन्या स्कॅनरखेरीज काही अडले नाही. २०१२ चा संगणक आहे तसाच ठेवला, पण त्याची इंटरनेटची तार काढून घेतली. खजिनदारांच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच होते: तो इतकी वर्षे सुरक्षित राहिला तो प्रणालीच्या गुणाने नव्हे, तर त्याला बाहेरच्या जगाशी फारसा संबंधच नव्हता म्हणून. आता त्याच्याकडून फाइली नेण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठेवला आहे, आणि तो नव्या संगणकाला जोडल्यावर प्रथम तपासला जातो.

१९९९ च्या मुलाखतींचा फॉन्ट अखेर जवळच्याच गावातील एका छापखान्याच्या मालकांकडे मिळाला. त्यांनी आपला जुना संगणक अजून मोडीत काढला नव्हता. जुन्या यंत्रावर तो बसविला तेव्हा पडद्यावरच्या त्या इंग्रजी राशीतून एक एक मराठी ओळ उभी राहिली. पहिली मुलाखत तरुणपणी कारखान्यात नोकरी केलेल्या एका वाचकाची आहे. तिचे रूपांतर केल्यावर पहिल्याच परिच्छेदात ‘किर्लोस्करवाडी’ हा शब्द आला, आणि त्यातली वेलांटी व रफार दोन्ही भलत्याच जागी जाऊन बसले होते. आमच्या ग्रंथपाल बाई रोज दुपारी एक पान या हिशेबाने वाचून दुरुस्त्या करीत आहेत. अकरा मुलाखती झाल्या, चौदा उरल्या आहेत.